भावांना जरा बाहेर बसवा

मॅडमच्या हातात कुठलाही लेख द्या, त्या तो शेवटच्या पानापासून उघडायच्या. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि लिहिणाऱ्याकडं बघत विचारायचं, "हे वाचून वकिलानं सोमवारी कोर्टात जाऊन काय करायचं?"

आमच्या लॉ कॉलेजात या प्रश्नाला भलेभले टरकायचे. प्राचार्यांनी एकदा न्यायाच्या संकल्पनेवर लेख लिहिला होता. तळटिपा इतक्या, की पानावर मजकूर शोधावा लागायचा. मोठ्या कौतुकानं त्यांनी तो मॅडमपुढं ठेवला. मॅडमनी नेहमीसारखं बोट ठेवलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. प्राचार्य म्हणाले, "सोमवारी काही करायचं नाही हो. हे चिंतन आहे." मॅडम म्हणाल्या, "मग रविवारी वाचायला बरं आहे." त्या दिवसापासून प्राचार्य आपले लेख थेट छापायला पाठवायला लागले.

मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. नगरमध्येच नोकरी, नगरमध्येच संसार, आणि तोंडानं जरा फटकळ. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कॉलेजात, ऑफिसात अशी एखादी बाई पाहिली असेल. सगळ्यांचं काम तिच्यावाचून अडतं आणि हजेरीपटावर मात्र तिचं नाव सगळ्यात खाली, पेन्सिलनं. तुम्ही पाहिली असेल तर मी एवढी का चिडून लिहितेय ते तुम्हाला सांगायला नको. मॅडमचं नाव लिहीत नाही. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतात. तिकडंही तासिका तत्त्वावरच आहेत, आणि माझ्या लेखापायी तिथली भाकरी जायला नको.

तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही तो सुखी. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला नेमणुकीचं पत्र येतं का याची वाट बघायची. स्टाफरूममध्ये खुर्च्या कायमच्या लोकांच्या. एकदा मॅडम कुणाच्या तरी खुर्चीवर बसून पेपर तपासत होत्या, तर ते गृहस्थ येऊन नुसते उभे राहिले. बोलले नाहीत काही, पण हललेही नाहीत. मॅडम गठ्ठा उचलून माझ्या लायब्ररीत आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडं कोपरा आहे का गं एखादा?" तेव्हापासून फौजदारी कायद्याच्या कपाटाशेजारचं टेबल त्यांचं झालं.

त्या टेबलावरच आमचं पत्रक जन्माला आलं. झालं असं, की एका दुपारी नेवाशाचा एक वकील लायब्ररीत घाईघाईनं शिरला. चेक न वटल्याच्या नोटिशीबद्दल त्याला काहीतरी नक्की करून हवं होतं. मी त्याला तीन जाडजूड पुस्तकं काढून दिली. तो त्या पुस्तकांकडं असा बघायला लागला, जसं कुणी भुकेल्याला कणगीच दाखवावी. मॅडमनी पेपर तपासता तपासता मान वर केली, चार वाक्यांत सांगितलं आणि परत पेपरात डोकं घातलं. वकील जागचा हलेना. म्हणाला, "मॅडम, हेच जरा लिहून द्या ना. बाररूममध्ये लावतो."

मॅडमनी अर्धं पान लिहून दिलं. मग दुसरं, मग तिसरं. पुढं त्याचं दर दोन महिन्यांनी निघणारं चार पानी पत्रक झालं. मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर जुळवायची आणि गठ्ठे राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, पाथर्डी असे तालुक्यांच्या बाररूमना जायचे. कॉलेजचं नाव वर ठळक, प्राचार्यांचा फोटो पहिल्या पानावर, आणि आत मजकूर जवळजवळ सगळा मॅडमचा.

लिहिण्याची त्यांची एक तऱ्हा होती. लिहून झालं की मला मोठ्यांदा वाचून दाखवायचं. मी काही वकील नाही. म्हणूनच मला वाचून दाखवायच्या. वाचताना कागदाकडं कमी आणि माझ्या तोंडाकडं जास्त बघायच्या.

"जांभई आली ना तुला?"

"नाही हो मॅडम."

"आली. दाबलीस तू. ‘तथापि’पासून पुढचं सगळं काप."

असं कापून कापून पानभर उरायचं. पण ते पान! बांधाच्या भांडणात मोजणीच्या आधी काय बघायचं, लहान मूल साक्षीला आलं तर त्याच्याशी आधी शाळेबद्दल, मांजराबद्दल बोलायचं आणि मगच मुद्द्यावर यायचं, म्हाताऱ्या साक्षीदाराला पाणी विचारायचं, उलटतपासात आवाज चढवून काय काय गमावतो आपण. मी स्वतः श्रीरामपूरला एका वकिलाच्या टेबलाच्या काचेखाली ते पान दाबून ठेवलेलं पाहिलंय, त्याच्या आईवडिलांच्या फोटोशेजारी.

आणि कॉलेजात त्या लिखाणाची किंमत काय? तपासणीला समिती आली होती. मी कौतुकानं सगळ्या पत्रकांची फाइल पुढं ठेवली. त्यातल्या एका साहेबांनी ती दोन बोटांनी उघडली, दोन बोटांनी मिटली आणि म्हणाले, "छान उपक्रम आहे. पण हे संशोधनात धरता येत नाही." कशात धरता येतं मग? आमच्याच एका प्राध्यापकांनी पैसे भरून एका मासिकात लेख छापून आणला होता. तो धरता आला. ज्या पुस्तकातून तो उतरवला होता ते पुस्तक माझ्याच कपाटात आहे, आजही आहे. मी समितीला ते दाखवायला निघाले तर मॅडमनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "बस गं. चहा सांडशील." डोकं फिरलं होतं माझं. वकील ज्या पानाचा आधार घेऊन कोर्टात उभे राहतात ते पान म्हणे लिखाण नाही, आणि जे कुणी वाचलं नाही, लिहिणाऱ्यानंही धड वाचलं नाही, ते संशोधन!

मग एकदाची जागा निघाली. कायमची. जाहिरात आली तेव्हा शिपायापासून सगळे म्हणायला लागले, ही मॅडमचीच. प्राचार्य स्वतः लायब्ररीत येऊन म्हणाले, "आता अर्ज करा, बाकीचं बघू." त्या आठवड्यात मॅडमनी नवीन चष्मा केला. मला म्हणाल्या, "मुलाखतीला जुनी दांडी तुटलेली बरी दिसत नाही." एवढ्यावरून मला कळलं, की ही जागा त्यांना किती हवी आहे.

मुलाखतीची तारीख यायची होती आणि पत्रकाचा पुढचा अंक तयार करायचा होता, त्याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी लायब्ररीत आला. राहुरीला वकिली करायचा. चांगली चालली होती. एरवी आला की पेढे-बिढे घेऊन यायचा, मोठ्यानं हसायचा. त्या दिवशी येऊन मॅडमच्या टेबलासमोर उभाच राहिला.

"मॅडम, बेलापूरची एक बाई आली होती. मी तिच्या भावांसाठी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. सही तिची, अंगठे साक्षीदारांचे, सगळं रीतसर. आता ती येऊन विचारती, माझं नाव सातबाऱ्यावरून कुठं गेलं?"

"मग तिनं सही कशावर केली?"

"तिला वाटलं वडिलांच्या मागं वारसांची नोंद करायची आहे. भावांनी तसंच सांगितलं होतं."

"आणि तू?"

तो खाली बघायला लागला. "मी विचारलंच नाही मॅडम. कुणीच विचारत नाही."

मला वाटलं, आता मॅडम त्याला फाडून खातात. पण नाही. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि हे सगळं कसं होतं ते बारकाईनं सांगायला लावलं. त्यानं जे सांगितलं ते आपल्याकडं कुणाला माहीत नाही? बाप गेला, वर्षश्राद्ध झालं, की भाऊ बहिणीला आणायला गाडी पाठवतो. एरवी ती बिचारी एसटीनं येते. त्या दिवशी गाडी. घरी पुरणाचा स्वयंपाक, वहिनी गोड, नवी साडी. मग सगळे मिळून तालुक्याला. वकिलाच्या कॉम्प्युटरात मसुदा तयारच असतो, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही दाबदडपणाशिवाय माझा हिस्सा कायमचा सोडून देत आहे." मग निबंधकाच्या ऑफिसात फोटो, अंगठा, सही. येताना उसाचा रस. बहीण घरी येते ती मोकळी होऊन, आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून देवाला हात जोडते.

मॅडमनी त्या बाईच्या बाजूनं काय करता येईल ते त्याला सांगितलं, एका चांगल्या वकिलाचं नाव दिलं, आणि तो गेल्यावर लिहायला बसल्या. त्या दिवशी मला वाचून दाखवताना त्यांनी माझ्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही.

मथळा होता, ‘भावांना जरा बाहेर बसवा’. मजकूर अगदी साधा. वकील बंधुभगिनींनो, हक्कसोडपत्राआधी बाईला एकटीला आत घ्या. दार लावा. तिच्या वाट्याला किती जमीन येते ते एकर-गुंठ्यांत सांगा, टक्क्यांत नको. ही सही केल्यावर नाव परत लागत नाही हे सांगा. मसुदा वाचून दाखवा. आज सही करायलाच पाहिजे असं नाही, घरी जाऊन विचार करून आलात तरी चालेल, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. एवढं करूनही ती सही करत असेल तर खुशाल करू द्या, तो तिचा अधिकार आहे. आणि मधेच एक वाक्य होतं. ‘अक्कलहुशारीने’ हा शब्द बाई आपल्या दारात येण्याच्या आधीच आपल्या कॉम्प्युटरात टाइप झालेला असतो, याची आपल्याला थोडी लाज वाटली पाहिजे.

बस्स, एवढंच. यात एक शिवी नाही, एक घोषणा नाही. दहा मिनिटं भावांना व्हरांड्यात बसवा एवढीच मागणी.

मी जुळणी करून अंक प्राचार्यांकडं पाठवला. एरवी ते फक्त आपला फोटो नीट आलाय का ते बघून सही करायचे. या वेळी नशीब फुटकं, त्यांनी वाचला. आणि वाचून संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघींना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. अध्यक्ष म्हणजे पांढरे कपडे, ऊस, राजकारण आणि गोड बोलणं. त्यांनी आधी मॅडमना चहा पाजला. मग पत्रकाचं पान टेबलावर ठेवून त्यावर तळहात ठेवला.

"मॅडम, तुमी लई चांगलं लिव्हता म्हनत्यात सगळे. पन हे काय काढलं आता? अशानं राखीला बहीन दारात यायची न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, यात वाटा मागा असं कुठं लिहिलंय? विचारा एवढंच लिहिलंय."

"आवो तेच तर! इचारलं की मागनारच ना!"

ऐका! तुमच्या कानांनी ऐका! सगळ्या जिल्ह्याला जे माहीत आहे आणि जे कुणी बोलत नाही ते या माणसानं चहाचा कप हातात धरून बोलून टाकलं. विचारलं की मागणार. म्हणजे या बाया राजीखुशीनं सोडत नाहीत हे यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तर विचारायचं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमचा पाय माझ्या पायावर आला.

"कायद्याची काही चूक असेल तर दाखवा," मॅडम म्हणाल्या, "आत्ता इथंच दुरुस्त करते."

प्राचार्य चुळबुळले. "चूक नाही हो मॅडम. चूक असती तर काय, आपण शुद्धिपत्रक काढलं असतं."

अध्यक्ष उठता उठता म्हणाले, "मुलाखती जवळ आल्यात. एक अंक थांबला तर काय बिघडतंय? तुमी कायदा शिकवा, घरं फोडू नका." आणि नमस्कार करून गेले. एवढा वाकून नमस्कार, की कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती मोठा माणूस!

ते गेल्यावर प्राचार्यांनी दार लावलं आणि आपल्या मते मॅडमच्या फार भल्याचं सांगितलं. "असं करा मॅडम, याचा मोठा शोधनिबंध करा. इंग्रजीत. तळटिपा घाला, इतर देशांशी तुलना घाला. मी स्वतः एका मासिकाला शिफारस करतो. संशोधनात धरला जाईल, मुलाखतीत उपयोगी पडेल, आणि खरं सांगू का, कुणाला राग यायचा प्रश्नच नाही. कोण वाचतंय?"

कप्पाळ माझं! हा कायदा शिकवणाऱ्या कॉलेजचा प्राचार्य! म्हणजे खरं बोलायचं तर ते अशा ठिकाणी बोलायचं जिथं कुणी ऐकणार नाही, आणि त्याचे गुणही मिळणार. मी तिथंच त्यांना चार गोष्टी ऐकवल्या. माझी नोकरी कायम होती, मला काय धाड भरली होती! पण धोका मॅडमना होता, माझ्या तोंडाचा भुर्दंड त्यांना पडला असता, म्हणून पाचवी गिळली.

त्या दुपारी मॅडमनी डबा उघडला नाही. लायब्ररीत विद्यार्थी नव्हते. कपाटाशेजारच्या टेबलावर हात ठेवून त्या बसून होत्या. मी विचारलं, "काय ठरवलंत?"

"मला ती जागा हवी आहे गं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मला दर जूनला त्या पत्राची वाट बघायचा कंटाळा आलाय. मुलीनं विचारलं, आई तू प्रोफेसर आहेस ना, की मला सांगताना अडखळायला होतं. मला हवी आहे ती जागा."

"मग थांबवा एक अंक. मॅडम, खरंच थांबवा. पुढच्या वेळी छापू." हे मीच म्हटलं. त्यांची काळजी होती म्हणून म्हटलं, आणि आजही त्यात मला काही वावगं वाटत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुला माहितीये, माझी पण सही आहे."

"कशावर?"

"हक्कसोडपत्रावर. देवळालीला. एलएलएम झाल्यावर. वारसा कायद्यावर वर्गात दोन दोन तास बोलायचे मी तेव्हा. भावानं गाडी पाठवली. वहिनीनं पुरण घातलं. हिरवी साडी होती, अजून आहे. वकील आमच्या ओळखीचाच. त्यानं कागद पुढं केला, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी सही केली. एकानं जरी मला बाजूला घेऊन विचारलं असतं ना, बाई, तुला काय वाटतं, तर..." त्या थांबल्या. "तर कदाचित केलीच असती मी सही. भावाचंही फार बरं नव्हतं. पण कुणी विचारलं नाही गं. मला कायदा येत होता, तरी मला कुणीतरी विचारायला हवं होतं."

मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

अंक निघाला. त्यांच्या टिपणाच्या जागी अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, फेट्यातला फोटो, चौकट सोनेरी. प्रुफं मी तपासली नाहीत. त्या पानाला हात लावायची माझी इच्छा नव्हती, आणि तसं मी सांगितलंही. नावात चूक राहिली म्हणून नंतर आरडाओरडा झाला. होऊ दे म्हटलं.

आणि मॅडमनी ते टिपण रविवारी संध्याकाळी स्वतःच्या मोबाइलवरून जिल्ह्यातल्या वकिलांच्या ग्रुपवर टाकलं. खाली कॉलेजचं नाव नाही, फक्त स्वतःचं. मुलाखत पुढं होती, जागा हातात नव्हती, तरी टाकलं. सोमवारी माझ्या लायब्ररीतला फोन थांबेना. काही वकिलांनी अभिनंदन केलं. बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या. एक ज्येष्ठ म्हणाले, "आम्हाला धंदा शिकवती का ही मास्तरीण?" आणि एका वकीलबाईंनी फोन करून मॅडमना देता का असं विचारलं, आणि मॅडम फोनवर आल्यावर त्या नुसत्या रडल्या. कोण होत्या, कशासाठी रडल्या, मॅडमनी विचारलं नाही.

मुलाखत झाली. आत काय झालं ते मॅडमनी बाहेर आल्यावर सांगितलं. "संशोधन काय?" असं विचारलं. यांनी टिपणांची फाइल पुढं केली. "ही तर पत्रकं आहेत," एकजण म्हणाले. दुसऱ्यांनी विचारलं, "नेमणूक झाल्यावर संस्थेची शिस्त पाळाल ना?" मॅडम म्हणाल्या, "शिस्त म्हणजे काय करायचं ते सांगा." मुलाखत तिथंच संपली.

जागा कुणाला मिळाली? पैसे भरून लेख छापणाऱ्या त्याच गृहस्थांना. तेही तोवर तासिकेवरच होते. हार घातले, पेढे वाटले. माझ्या टेबलावर पेढा ठेवला तो मी शिपायाला दिला. मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दार न लावता, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, तुमच्या कॉलेजातली एकच व्यक्ती या जिल्ह्यातल्या वकिलांना ठाऊक होती. तिलाच घालवलंत?"

"माझ्या हातात काय होतं ताई?"

"हातात पेन होतं ना! शेरा लिहायला कुणी अडवलं होतं?"

त्यांनी समोरची फाइल उघडली.

जूनमध्ये मॅडमना तासिकेचंही पत्र आलं नाही. कार्यभार कमी झाला म्हणे. विद्यार्थी तेवढेच, विषय तेवढेच, कार्यभार मात्र नेमका यांचाच कमी झाला. मॅडमनी टेबल रिकामं केलं. एक कापडी पिशवी भरली, बाकी काही नव्हतंच. मी माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला गेले. मला रडू आवरत नव्हतं आणि त्या मला म्हणत होत्या, "अगं, गाडी लागेल मला, तू नको आणखी डोकं उठवूस." खिडकीतून हात हलवला त्यांनी. मला राग असा येत होता, की मी हात हलवायचं विसरले.

पत्रक मी पुन्हा केलं नाही. सांगून टाकलं, माझ्याच्यानं होणार नाही. आता ते गुळगुळीत कागदावर रंगीत निघतं. न फोडलेले गठ्ठे बाररूममधून परत येतात आणि लायब्ररीच्या माळ्यावर पडतात.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण गेल्या वर्षी आमचे दादा, म्हणजे वडील गेले. माझं माहेरही बेलापूरचंच, तिथं थोडीफार जमीन आहे. यंदा वर्षश्राद्ध उरकलं आणि धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, गाडी पाठवतो. श्रीरामपूरला फकस्त एक सही करायची हाय." मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. त्या टिपणाचं अक्षर न् अक्षर मी जुळवलं होतं, तरी भाऊ ‘आक्का’ म्हणाला आणि मी हो म्हणून बसले. माहेर आहे ते. तिथं गेल्यावर अजून कुणीतरी आपल्याला जेवलीस का विचारतं.

गाडी आली. पुरणपोळी झाली. साडी आकाशी रंगाची होती, चांगली होती. श्रीरामपूरला वकिलाच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. वकील तरुण होता, आमच्या कॉलेजचा नव्हता, मला ओळखत नव्हता. त्यानं कागद काढले आणि सहज, पंखा लावा म्हणावं तसं म्हणाला, "भाऊ, तुम्ही मंडळी जरा बाहेर बसा."

भाऊ म्हणाला, "आमी काय परके हाय का?"

"सगळ्यांनाच बसवतो बाहेर. दहा मिनिटं."

त्यानं दार लावलं. माझ्याकडं वळला. "ताई, तुमच्या वाट्याला सव्वा एकर येतं. विहिरीतही हिस्सा आहे. माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. एवढी मी फटकळ, एवढी मी लॉ कॉलेजातली, मी कधी हिशेबच केला नव्हता. पाणी प्यायले. मग विचारलं, "हे असं विचारायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी असं नाही हो ताई. पद्धत आहे आता. इथले बरेच जण विचारतात."

पद्धत आहे! माझं टाळकं सणकलं. मी त्याला म्हटलं, पद्धत अशी आपोआप पडत नसते. मग मॅडमचं नाव सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं, माहेरचंही सांगितलं, आणि ते टिपण लिहिल्यापायी त्यांचं काय झालं तेही सांगितलं. पोरगा सभ्य होता. सगळं ऐकून घेतलं. नाव त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

"बरं ताई," तो म्हणाला, "मग सहीचं काय करायचं? आज करताय, की विचार करून येताय?"

बाहेरून भावाचा आवाज आला, "आक्का, झालं का?"

मी म्हटलं, "आज नाही."

बाहेर येऊन भावालाही तेच सांगितलं. गाडीचं दार त्यानं माझ्यासाठी उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. मी चालत स्टँडवर गेले. नगरची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसून मी मॅडमना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. त्यांनी उचलला नाही. तासावर असतील.